चढणीचा मासा, वारुळाची अळंबी आणि बंद झालेली पारध

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आज आपण शिकारबंदीचा कायदा म्हणून ओळखतो. तो मंजूर झाला तेव्हा मात्र त्यात शिकारीचे परवाने होते. दुसऱ्या अनुसूचीचं नाव 'विशेष शिकार', तिसरीचं 'मोठी शिकार' आणि चौथीचं 'लहान शिकार'. ससे, तितर, लावे हा सगळा ऐवज चौथीतला. शुल्क भरावं, परवाना घ्यावा, काय मारलं त्याची नोंद ठेवावी आणि हंगामात हिंडावं, अशी ती सोय. ही दारं १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केली. म्हणजे आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या गावकऱ्याच्या आयुष्यात एक काळ असा होता, जेव्हा ससा मारणं रीतसर शक्य होतं. त्याच्या नातवाच्या आयुष्यात तो काळ नाही.

युरोपात शरद ऋतू आला की बंदूक, गळ आणि अळंबीची टोपली अशी तिहेरी मौज सुरू होते. आपल्याकडे हाच हंगाम मृगापासून कार्तिकापर्यंत पसरतो, कारण आपली सुगी पाऊस ठरवतो. पहिल्या पुराला मासे चढतात, श्रावणाच्या आगेमागे वारुळांवर अळंबी फुटते, भातं पिवळी पडू लागली की मासे उतरतात आणि रानडुकरं शेतात उतरतात. खाणारे तेच आणि रानही तेच. पण या तिन्हींच्या बाबतीत आपला व्यवहार कमालीचा विसंगत आहे. पारधीवर पूर्ण बंदी. माशांवर नियम आहेत, पण ओढ्यापर्यंत कुणी येत नाही. अळंबीला तर नियमच नाही, फक्त अभयारण्याची हद्द आड येते. बंदी किंवा मोकाट, याखेरीज तिसरा पर्याय आपण सरकारी पातळीवर कधी नीट आखलाच नाही, आणि गावानं आखलेला होता तोही हळूहळू गमावला, असं मला वाटतं.

आधी पारध. मराठी वाचकाच्या मनात शिकार म्हटलं की संस्थानिकांचा मचाण येतो किंवा साहेबाचा पायाखालचा वाघ. प्रत्यक्षात महाराष्ट्रातली बहुतेक शिकार अगदीच किरकोळ, पोटापुरती होती. वाघर लावून ससा, फाशात तितर, कुत्री सोडून घोरपड किंवा साळिंदर, बेचकीनं होला. शिमग्यात गावाची सामूहिक पारध निघे, तिला देवाचं निमित्त असे आणि वाटणीचे ठरलेले हिस्से असत. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखकही आधी बंदूक घेऊनच माणदेशात हिंडला. त्यांचं 'नागझिरा' हे पुस्तक १९७९ साली आलं तोवर त्यांच्या हातात बंदुकीऐवजी वही होती. मध्यमवर्गाचा प्रवास हा असा झाला. तो सोपा होता, कारण त्यांचं जेवण शिकारीवर अवलंबून नव्हतं.

ज्यांचं होतं त्यांच्याविषयी एक जुना अभ्यास आहे. कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींच्या शिकारपद्धती तपासल्या. एकाच माळरानावर हिंडणाऱ्या तीन जमाती, पण त्यांच्या वाटण्या जवळपास वेगळ्या होत्या. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पाखरं धरत. नंदीवाले कुत्री घेऊन डुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे लागत. वैदू मुंगूस-उदमांजरासारखी लहान मांसभक्षी जनावरं आणि पाण्यातली कासवं-खेकडे पकडत. कुणी कुणाच्या वाट्याला फारसं जात नव्हतं. आपण ज्याला आज शास्त्रीय भाषेत संसाधनांचं नियोजन म्हणतो, ते इथं जातपंचायतीच्या शिस्तीनं चालत होतं. त्यात सगळं आदर्श होतं असं म्हणायचं कारण नाही. माळावरचे काळवीट कमी झाले त्याला फासेही कारण होते, आणि माळ नांगरले गेले हे त्याहून मोठं कारण होतं. पण बंदी आली तेव्हा तिची किंमत संस्थानिकानं मोजली नाही, पारध्यानं मोजली. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं गुन्हेगार ठरवलेली आणि १९५२ मध्ये त्या शिक्क्यातून कागदोपत्री सुटलेली ही जमात वीस वर्षांत दुसऱ्या कायद्यानं पुन्हा गुन्हेगार झाली. तिच्या हातात दुसरं काम देण्याची तजवीज कायद्यात नव्हती. अकोला-वाशीमच्या बाजूला काही फासेपारधी तरुण आता तणमोराच्या संरक्षणात काम करतात. फाशांसाठी घेतलेलं पाखरांचं शिक्षण त्यांना इथं उपयोगी पडतं. असे प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

तरीही बंदी उठवावी का? माझं उत्तर नाही असंच आहे. आज कोकणात किंवा कोल्हापूरच्या डोंगरात रात्री जीपवर झगझगीत दिवा लावून निघणारी टोळी आणि वाघर घेऊन निघणारं जुनं गाव यांत काहीच साम्य उरलेलं नाही. टोळीला भूक नसते, तिला फोटो हवा असतो आणि पार्टीसाठी मटण. दुसरी अडचण हत्यारांची. गाडीच्या क्लच-वायरचा फासा डुकरासाठी लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा बातम्या नेहमीच्या झाल्या आहेत. डुकरासाठी पिठात गुंडाळून ठेवलेला गावठी बॉम्ब गाईचं किंवा कुत्र्याचं तोंड उडवतो. कुणाचा जीव घेतो आहोत हे न बघता घेणारं हत्यार ज्या दिवशी आलं, त्या दिवशी पारधीची म्हणून जी काही नीती होती ती संपली.

मात्र डुकराचा प्रश्न खराच आहे, आणि शहरात बसून तो कळत नाही. पसवलेलं भात एका रात्रीत कळप लोळवून टाकतो. कायद्याच्या कलम ११ प्रमाणे पहिल्या अनुसूचीबाहेरचं जनावर उभ्या पिकाला धोकादायक झालं तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यानं नेमलेला अधिकारी मारायची परवानगी देऊ शकतो. कागदावर ही वाट आहे. शेतकऱ्याला ती अर्ज, पंचनामा आणि वाट पाहणं यांतून चालावी लागते, आणि तोवर कापणी उरकलेली असते. पीक-संरक्षणासाठी परवान्यानं मिळालेल्या बंदुका सिंधुदुर्गात अजून आहेत, पण निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या पोलिस ठाण्यात जमा कराव्या लागतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला झाली, म्हणजे आचारसंहितेचा काळ नेमका कापणीच्या दिवसांतला. डुकरांना आचारसंहिता लागू नव्हती.

आता पाण्याकडे वळू, कारण खरी मौज आणि खरी हानी दोन्ही तिथंच आहेत.

पहिला मोठा पाऊस पडला, ओढ्याचं पाणी गढूळ होऊन शेतात शिरलं की कोकणात एक वेगळीच लगबग सुरू होते. रायगड-ठाण्यात तिला वलगण म्हणतात, खाली सिंधुदुर्गात चढणीचे मासे. उन्हाळाभर डोहात, खाडीत, नदीच्या खोलगट भागात दडलेले मासे गार गढूळ पाण्याच्या लोंढ्याची चाहूल लागताच उलटे, प्रवाहाच्या विरुद्ध निघतात. त्यांना उथळ, उबदार, नव्यानं भिजलेली जमीन गाठायची असते, कारण अंडी तिथं घालायची असतात. भातखाचरात पिल्लांना खायला सूक्ष्म जीव भरपूर असतात आणि मोठा शत्रू मासा तिथवर येत नाही. मळ्या, शिंगटी, मरळ, वाम असे कितीतरी या वाटेनं येतात. उरण-पनवेलकडच्या माणसाला विचाराल तर तो चिवणीचं नाव आधी घेईल. खाडीतून शेतात चढणारी, गाबोळीनं पोट तट्ट फुगलेली चिवणी ही तिकडची पावसाळ्यातली मोठी चैन. समुद्रातली यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, बाजारात बर्फातला मासा महाग असतो, आणि दारातल्या बांधावरून ताजा मासा उडी मारत असतो. अशा वेळी घरात कुणी बसत नाही.

धरण्याचे प्रकार गावागणिक वेगळे. बांध फोडून अरुंद केलेल्या तोंडाशी बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा लावायचा. डोहात पाग फेकायचा. खाचरात तर नुसती काठी आणि विजेरी पुरते. पोरं टोपलीनंही धरतात. या मजेला वय नाही आणि भांडवल लागत नाही. आजोबा, बाप आणि पोर एकाच चिखलात एकाच गोष्टीमागे धावतात असे प्रसंग आता खेड्यातही थोडेच उरले आहेत. पाऊस ओसरला की घरोघरी आमसूल किंवा चिंच घातलेलं तिखट कालवण शिजतं. गाबोळी वेगळी काढून तळतात, आणि ती कुणाच्या ताटात जाणार यावर तंटा होतो.

पण याच जागी थांबून विचार करायला हवा. चढणीचा मासा म्हणजे अंड्यावर आलेली मादी आणि तिच्यामागचे नर. एका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. ती खाचरात पोहोचली तर भाद्रपदानंतर उतरणाऱ्या माशांची फौज तयार होते. बांधाच्या तोंडाशीच धरली तर होत नाही. आमच्या आजोबांची पिढीही अंड्यावरचे मासे खात होती, मग तेव्हा मासे का संपले नाहीत, असा सवाल गावात हमखास येतो. सवाल रास्त आहे. उत्तर असं की तेव्हा चढणाऱ्या माशाच्या वाटेवर तो धरणारी चार-दोन माणसंच होती. आज सिमेंटचा नालाबांध आहे, जो मासा उडी मारून ओलांडू शकत नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या निदान पावसाळ्यात काढतात. पक्क्या बांधाला फळीच नसते. रस्त्याखाली मोरीऐवजी उंचावर बसवलेला पाइप आहे. खाचरात तणनाशक आहे. आणि वरच्या अंगाला ब्लीचिंग पावडर घेऊन आलेला कुणीतरी आहे.

ब्लीचिंगमागची युक्ती फार जुनी आहे. मासे गुंगवायची कला आपल्याकडे पूर्वापार आहे. गेळ्याची फळं, रामेठ्याचा किंवा कुंभ्याचा पाला-साल ठेचून साचलेल्या डोहात टाकली की मासे अर्धमेले होऊन वर येतात. या झाडपाल्याचा परिणाम काही तासांत ओसरतो आणि वाहत्या पाण्यात तो उपयोगाचाच नाही, त्यामुळे नुकसानाला आपोआप मर्यादा होती. ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटिनची कांडी आणि विजेच्या तारेला अशी मर्यादा नाही. बेडूकमासा, खेकड्याची पिल्लं, शेवाळ, सगळंच जातं आणि डोह पुढचं वर्ष-दोन वर्षं रिकामा राहतो. गंमत म्हणजे यावरचा कायदा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात स्फोटकं आणि विष घालून मासे मारणं हे दोन्ही गुन्हे आहेत. एखाद्या ओढ्यावर त्याची अंमलबजावणी झाल्याचं आजवर किती जणांनी पाहिलं असेल?

केरळनं याबाबतीत आपल्यापेक्षा पुढचं पाऊल टाकलं. तिकडे वलगणीला ऊत्ता म्हणतात आणि तिचं वेडही तेवढंच. २०१० च्या केरळ अंतर्देशीय मत्स्यव्यवसाय कायद्याच्या आधारे चढणीच्या माशांची वाट अडवून ते मारणं तिथं दंडनीय ठरलं आहे. लोक अजूनही मारतात, पण निदान पावसाळा आला की चर्चा होते, खात्याची माणसं सापळे काढायला जातात. आपल्याकडे चर्चा होते ती रेसिपीची.

आणि तरीही आपल्याकडे एक उपाय होता, तोही कायद्याशिवाय. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. खडकात खोल कापलेला डोह, वर वरदायिनी देवीचं ठाणं आणि पाण्यात महाशीरांचे थवे. लोक त्यांना खाऊ घालतात, धरत कुणी नाही. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराच्या पायथ्याशीही तेच. महाशीर हा मासा दख्खनच्या नद्यांचा मानकरी. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या नद्यांतल्या माशावरून. त्या मुळा-मुठेत आज काय तरंगतं ते पुणेकरांना सांगायला नको. नदीचं सगळं पात्र राखणं गावाला जमणार नव्हतं, म्हणून त्यांनी एक कोंड राखला. तिथून वरखाली मासा पसरत राहिला. देवीच्या नावावर केलेली ही बँक होती, आणि तिच्यातून कर्ज काढायची मुभा कुणालाच नव्हती. टाटांच्या वीज कंपनीनं लोणावळ्याजवळ वळवणला महाशीरांची पैदास केंद्रं चालवून लाखो पिल्लं ठिकठिकाणी सोडली, हे कामही मोठंच. पण पिल्लू सोडणं आणि त्याला राहायला डोह उरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खेकड्यांबद्दल थोडक्यात. रायगड-पुण्याकडचे मुठे, तळकोकणातल्या कुर्ल्या हे पावसाळी रात्रींचं दुसरं वेड. पूर्वी चुडीच्या उजेडात, मग पेट्रोमॅक्सच्या, आता डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या. समुद्री खेकड्यासारखी या गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं पाण्यात वाहत जात नाहीत. आईच्या पोटाखालच्या झडपेतच अंड्यातून पूर्ण खेकडे बनून बाहेर पडतात. म्हणून पोट उलटून बघावं, खाली पिल्लं लुकलुकताना दिसली तर मादी परत ठेवावी, एवढं जरी पाळलं तरी ओढ्याला पुरे. सह्याद्रीत एकेका पठारापुरत्या मर्यादित खेकड्यांच्या जाती आहेत आणि अगदी गेल्या दहा वर्षांत नव्या जातींची नोंद होत आली आहे. कालवणासाठी धरला जातो तो बहुतेक काळा मोठा खेकडा. पण टोपलीत हात घालणाऱ्याला जात विचारायची सवय नसते.

बेडकांचं प्रकरण गोव्याचं. तिथं पहिल्या पावसात रात्री शेतात ओरडणारा मोठा हिरवा-पिवळा बेडूक पकडून त्याच्या तंगड्या हॉटेलात चोरून वाढल्या जातात. ग्राहकाला तो 'जंपिंग चिकन' म्हणून माहीत. बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारतानं १९८७ मध्ये थांबवली आणि हा बेडूक वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. शेतातली कीड खाणारा हा गडी ताटात गेला की कीटकनाशकाची बाटली शेतात येते, हा हिशेब गोव्यातली निसर्गप्रेमी मंडळी गेली कित्येक वर्षं मांडत आहेत. वनखात्याची गस्तही असते. मागणी आहे तोवर गस्त आणि बेडूक यांची शर्यत चालू राहणार.

भाद्रपद सरला की खाचरातलं पाणी आटू लागतं आणि मासे परत नदीकडे निघतात. ही उतरण. चढणीइतका तिचा गाजावाजा नाही, पण खायची तर हीच खावी असं माझं मत आहे. अंडी घालून झालेली, पिल्लं वाढलेली, मासा अंगानं भरलेला. गोव्याच्या खाजणांत हेच गणित पिढ्यानपिढ्या पक्कं केलेलं आहे. भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचं आणि ओहोटीला दाराशी जाळं लावून मासा धरायचा, आणि त्या मानशीचा दरवर्षी लिलाव. त्यातून बांधांची दुरुस्ती निघे. मासा कुणाचा आणि बांध कुणी राखायचा, हे दोन प्रश्न तिथं एकाच वहीत सुटत. अलीकडे जास्त पैशांच्या आशेनं मानशीची दारं अवेळी उघडी ठेवतात, खारं पाणी शेतात राहतं आणि भात बुडतं. तीही गोष्ट आहेच. ऑक्टोबर तापू लागला की एकट्या माणसाचा गळ सुरू होतो. गांडूळ, पिठाची गोळी, एक गरी आणि संध्याकाळ. यानं नदीचं काही बिघडत नाही. उलट बऱ्याच तलावांत गळाला आता तिलापियाच लागतो. हा परदेशी पाहुणा घरमालकाला बाहेर काढून बसला आहे. त्याला धरून खाणं ही तर सेवाच म्हणायची.

उरली अळंबी. ही मौज सर्वांत निरुपद्रवी वाटते आणि तिच्याबद्दलच आपल्याला सर्वांत कमी कळतं.

कोकणात-गोव्यात जिच्यासाठी लोक रान पालथं घालतात ती अळंबी वारुळावर येते. वाळवी पालापाचोळा चावून वारुळाच्या आत त्याचे सच्छिद्र गड्डे रचते आणि त्यावर बुरशी वाढवते. बुरशी तो पाला पचवून वाळवीला अन्न देते. माणसानं शेती शिकायच्या कोट्यवधी वर्षं आधी या किड्यानं ती शिकून घेतली होती. पावसानं जमीन भिजली की ती बुरशी लांब मुळासारखा दांडा वर ढकलते आणि जमिनीबाहेर छत्री उघडते. फ्रेंच बुरशीतज्ज्ञ रोजे ऐम यांनी १९४२ मध्ये या कुळाला टर्मिटोमायसिस हे नाव दिलं. बारक्या शितासारख्या दाण्यांनी जमीन पांढरी करणारी एक जात, हाताच्या पंज्याएवढी दुसरी, असे प्रकार जाणती बाई ओळखते. विजा कडाडल्या की अळंबी येते असं गावोगाव मानतात. विजेचं माहीत नाही, पण गडगडाटी पाऊस आणि नंतरचं दमट ऊन तिला मानवतं हे खरं. पूर्व विदर्भात हिलाच सात्या म्हणतात आणि तिथंही चवीला तोड नाही अशीच ख्याती.

ही अळंबी शेतात पिकवता येत नाही. धिंगरी भाताच्या पेंढ्यावर खोलीत वाढते, बटण मशरूमचे कारखाने आहेत. पण वाळवीशिवाय ही बुरशी फळ धरत नाही. म्हणून तिचा भाव दरवर्षी चढतो. गोव्यात रस्त्याकडेला पानावर मांडलेल्या वाट्यासाठी लोक मासळीपेक्षा जास्त पैसे मोजतात आणि न उमललेल्या कळीला जास्त मोल मिळतं. हानी इथूनच सुरू होते. नव्या वारुळाची पहिली वाळवी जन्मताना बुरशी बरोबर आणत नाही. बहुतेक जातींत ती उमललेल्या छत्रीतून सांडलेले बीजाणू बाहेरून गोळा करून आणते. कळ्या सगळ्याच खुडल्या तर छत्री उमलणार कुठून आणि बीजाणू सांडणार कुठून? त्यातच मुळासकट लांब दांडा मिळावा म्हणून कुणी लोखंडी पहार घालून वारूळच उकरतो. गोव्यातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी कित्येक वर्षं या अळंब्यांचा अभ्यास करून हीच धोक्याची सूचना दिली आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय वनोपज काढायला कायद्यानं मनाई आहेच. म्हादई किंवा मोलेच्या जंगलात पावसाळ्यात ती मोडली जाते. बाहेरच्या खासगी रानात तर विचारणारा कुणी नाही.

दुसरा धोका खाणाऱ्याचा. विषारी अळंबी ओळखायचे घरगुती उपाय, म्हणजे शिजताना लसूण किंवा चांदीचं नाणं काळं पडतं का बघणं, किडे खातात का बघणं, हे सगळे खोटे आहेत. पहिल्या पावसात शहरातल्या हिरवळीवर उगवणारी मोठी पांढरी छत्री दिसायला तर देखणी, पण पोटातलं सगळं बाहेर काढते. यकृत निकामी करणाऱ्या अमानिटासारख्या जातींची लक्षणं सहा-बारा तासांनी किंवा आणखी उशिरा दिसतात, तेव्हा विष केव्हाच भिनलेलं असतं. एप्रिल २०२२ मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात विषारी अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसं गेली. ती अडाणी नव्हती. त्यांच्या घरात पिढ्यांपासून अळंबी खाल्ली जात होती. नव्या जागी ओळखीसारखी दिसणारी दुसरी उगवली, एवढंच पुरलं. चंद्रपूर-गडचिरोलीत अळंबी काढायला जाणाऱ्या बाईला भीती वेगळीच असते. मे २०२५ मध्ये सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपानं तोडणाऱ्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाकून जमिनीकडे बघत रान हिंडणं हे तिथं मौजेचं काम नाही, ते मजुरीचंच दुसरं रूप आहे. या विषयावर लिहिणाऱ्या शहरी माणसानं हा फरक विसरू नये.

ज्या देशांत ही तिन्ही कामं अजून खुली आहेत, तिथं काय करतात? फिनलंडचं उदाहरण घेऊ. रानातली बेरी आणि अळंबी तिथं कुणीही, दुसऱ्याच्या जमिनीवरूनही, वेचू शकतो. साधा गळ टाकायला पैसे लागत नाहीत. चक्री आणि नकली आमिष आलं की शुल्क आलं. शिकार मात्र या सर्वसामान्य हक्कात नाही. तिच्यासाठी परीक्षा द्यावी लागते, दरवर्षी शुल्क भरावं लागतं आणि जमीनमालकाची परवानगी लागते. पंचावन्न-छप्पन्न लाखांच्या देशात असं शुल्क भरणारे सुमारे तीन लाख. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून दर ऑगस्टमध्ये तिथले शिकारीच रानात बारा किलोमीटरच्या त्रिकोणी वाटा चालून रानकोंबड्यांची मोजणी करतात, आणि त्या वर्षीचा हंगाम त्या आकड्यांवरून ठरतो. मारणाऱ्यानं आधी मोजायचं. शेजारच्या नॉर्वेत अळंबीच्या हंगामात जाणकार मंडळी ठरलेल्या ठिकाणी बसतात आणि आलेल्याची टोपली तपासून विषारी काढून देतात. फिनलंडची आणि आपली लोकसंख्येची घनता यांची तुलना होत नाही हे मान्य. त्यांची शिकार इथं आणावी असं मी म्हणणार नाही. पण मोजणी आणायला काय हरकत आहे? आपल्याकडे रानभाजी महोत्सव तालुक्या-तालुक्याला भरतात. तिथं अळंबी ओळखणारी एक जाणती बाई आणि कृषी महाविद्यालयाचा एक माणूस टेबल टाकून का बसत नाहीत, याचं उत्तर अवघड नाही. कुणाला सुचलेलं नाही, एवढंच.

कायद्यात जागा शोधायची तर ती वनहक्क कायद्यात आहे. २००६ च्या या कायद्यानं गौण वनोपजावर मालकी दिली आणि पाणवठ्यातल्या माशांवर सामूहिक हक्कही दिला. पारंपरिक शिकारीचा हक्क मात्र त्यानंच स्पष्ट शब्दांत वगळला. गौण वनोपजाची व्याख्या 'वनस्पतीजन्य' अशी आहे आणि शास्त्राप्रमाणे बुरशी वनस्पती नाही. सुदैवानं ही पळवाट अजून कुठल्या बाबूच्या लक्षात आलेली दिसत नाही. पाचव्या कलमानं ग्रामसभेला रान, पाणी आणि वन्यजीव राखण्यासाठी नियम करायचा अधिकारही दिला आहे. मेंढा-लेखा या गडचिरोलीच्या गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला. तिथली ग्रामसभा उद्या ठरवू शकते की पहिल्या पुराचे तीन दिवस ओढ्याचं तोंड अडवायचं नाही, प्रत्येक वारुळावर निम्म्या छत्र्या उमलू द्यायच्या, आणि कुणी ब्लीचिंग टाकलं तर दंड.

कोकणात ते इतकं सरळ नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बरंचसं रान खासगी आहे. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यांतली निम्मी परळ-डोंबिवलीत, काही सुरतेला, एखादं दुबईत. ओढा कुणाच्याच नावावर नाही आणि वारूळ सगळ्यांच्या. नियम करायचा तर आधी ही नावं एका जागी बसायला हवीत. वर्षातून एकदा ती बसतात, गणपतीला. तेव्हा उतरण तोंडावर आलेली असते, भात पसवत असतं, शेवटची अळंबी निघत असते, आणि विसर्जन होईपर्यंत घरात मासा शिजवायचा नसल्यामुळे वेळही असतो. देवळात बैठक तशीही होते, वर्गणीचा हिशेब वाचायला. त्याच वहीत ओढ्यासाठी एक पान काढता येईल.